दोन वेळचं जेवण आणि एक पातेलं

कुत्र्याचं वजन वाढलंय म्हणून कोणी दवाखान्यात आलं की मी आधी विचारते, "वाटी कुठली?" आमटीची वाटी वेगळी, मुलांच्या दुधाचा मग वेगळा, खाण्याच्या पिशवीबरोबर मिळालेलं प्लॅस्टिकचं माप वेगळं. "दोन वाट्या देतो" हे वाक्य दोन घरांत दुप्पट फरकाने खरं असू शकतं. बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं. ब्रूनोच्या बाबतीत नाही सापडलं.

ब्रूनो सहा वर्षांचा लॅब्रॅडॉर, नसबंदी झालेला. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका वाड्यावर, कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) लागून असलेल्या मोठ्या घरात राहतो. मे महिन्याच्या मध्यावर भर दुपारी घरच्या दोघांनी त्याला चादरीत घालून उचलून आणलं. तळीपर्यंत फिरायला गेला होता, परतताना चढणीवर बसला तो उठेचना. जीभ जांभळट, धाप थांबत नव्हती, थर्मामीटर १०५.४ दाखवत होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१-१०२ च्या आसपास असतं. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरचं पाणी उडवून तो अंग थंड करतो. गोव्यातल्या मे महिन्यात हवाच इतकी ओली असते की ते पाणी उडत नाही, आणि ब्रूनोच्या अंगावर तर चरबीची गोधडी. नळाच्या साध्या पाण्याने त्याला पोटापासून पंजांपर्यंत भिजवलं, दोन पंखे लावले, सलाइन सुरू केलं. संध्याकाळपर्यंत तो शेपटी हलवायला लागला, तेव्हा कुठे त्याला काट्यावर चढवता आलं. ४३.६ किलो.

त्याच्या हाडापेराला ३१ किलो पुष्कळ झाले असते. फासळ्यांवरून हात फिरवला तर फासळ्या लागेनात. वरून पाहिलं तर कमरच नाही. आम्ही शरीराची ठेवण १ ते ९ अशा अंकांत मोजतो. ४-५ म्हणजे उत्तम. ब्रूनो ९ वर होता.

"खायला काय देता?"

त्या घरच्या वहिनींनी खाण्याच्या पिशवीबरोबरचं माप सोबत आणलं होतं. मला ते फार आवडलं. सकाळी एक, रात्री एक. मी ते दाण्यांनी भरून तोललं, १२० ग्रॅम भरलं. म्हणजे दिवसाला २४० ग्रॅम, साधारण साडेआठशे कॅलरी. आता हिशेब असा असतो: कुत्र्याच्या किलोतल्या वजनाचा ०.७५ घात काढायचा आणि त्याला ७० ने गुणायचं. नुसतं पडून राहायला त्या शरीराला लागणारी ऊर्जा मिळते. ३१ किलोच्या कुत्र्यासाठी ती ९२० कॅलरीच्या आसपास येते. नसबंदी झालेल्या, घरात हिंडणाऱ्या कुत्र्याला त्याच्या दीडपट-पावणेदोनपट लागते. वजन उतरवायचं तर मुळातली ९२०च धरायची. म्हणजे वहिनी सांगत होत्या ते खरं असेल, तर ब्रूनो गेली काही वर्षं वजन कमी करायच्या आहारावर होता!

थायरॉइड मंदावलं असेल तर थोडं खाऊनही कुत्रा फुगतो. म्हणून रक्त तपासलं. थायरॉइड ठीक, साखर ठीक. मग उरलेल्या कॅलरी येत होत्या कुठून? वहिनी खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. मी म्हटलं, "बुधवारी सकाळी तुमच्याकडे येऊन बसते. चालेल?" बुधवार अशासाठी की त्या दिवशी घरात मासळी असते. सोमवारी आणि गुरुवारी या घरात चूल शिवराक, म्हणजे शाकाहारी.

"या की डॉक्टर. पण आधीच सांगते, दोन वेळांच्या वर आम्ही त्याला काही देत नाही."

दवाखान्याच्या दारावर "आज संध्याकाळी उघडेल" अशी पाटी लावली आणि उजाडता उजाडता पोचले. माझ्याजवळ स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा होता. वहिनींकडून एक रिकामं पातेलं मागून घेतलं, बाहेरच्या ओट्यावर ठेवलं आणि घरातल्या सगळ्यांना, कुळागरातल्या गड्यांनासुद्धा, एकच विनंती केली: रोजच्यासारखंच वागा. ब्रूनोला द्यायचं ते द्या, हात आखडू नका. फक्त जेवढं त्याला द्याल तेवढंच या पातेल्यात टाका.

पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा आधी ब्रूनोने ऐकला, मग आम्ही. आजोबा चहाचा कप घेऊन ओट्यावर आले. काकणाचा, म्हणजे बांगडीच्या आकाराच्या पावाचा, एक तुकडा चहात बुडवून स्वतःच्या तोंडात, दुसरा ब्रूनोच्या. दोघांची लय इतकी जमलेली की पाहात राहावं. आजोबांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि उरलेल्या काकणाचा निम्मा भाग पातेल्यात ठेवला. मग वहिनींनी माप भरून दाणे दिले, ते ठरलेलंच. मेची सुट्टी असल्यामुळे नातू घरात होता. त्याची ग्लुकोज बिस्किटं पाच, एकेक वीस कॅलरीचं. दहाच्या सुमाराला पेज झाली, तेव्हा काकूंनी तळाशी उरलेली पेज आणि रात्रीचं आटवल (मऊ भात) एका करवंटीत ओतलं. "टाकायचं कशाला?" त्या मला म्हणाल्या, आणि पातेल्यातही तेवढंच ओतलं. वहिनी आदोळीवर नारळ खोवायला बसल्या तसा ब्रूनो समोर येऊन बसला. खोवता खोवता कडेचे तुकडे त्याच्याकडे. ओल्या खोबऱ्याच्या तीस ग्रॅमात शंभर कॅलरी असतात. गड्यांनी अकरा वाजता पाव-भाजीतला अर्धा पाव दिला. आणि बांगडे साफ झाल्यावर डोकी उकडून, काटे काढून, दोन मुठी उकड्या तांदळाच्या शितात कालवून त्याची खास ताटली आली. ती रोजची नव्हती, फक्त मासळीच्या दिवसांची. आठवड्यातले निम्म्याहून जास्त दिवस मासळीचे.

जेवणं उरकली तेव्हा पातेलं काठापर्यंत आलं होतं. मी ते काट्यावर ठेवलं. पेजेचं पाणी धरून किलोच्या वर भरलं. माझ्या अंदाजाने साडेआठशे कॅलरी, म्हणजे मापाच्या दोन्ही जेवणांएवढ्याच पुन्हा. आणि दुपारचा चहा, संध्याकाळचा पोदेर अजून यायचे होते.

वहिनी पातेल्याकडे नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला यातलं फक्त खोबरं माहीत होतं."

तेच तर होतं. प्रत्येकाला स्वतःचा घास ठाऊक होता आणि तो घास खरोखर लहान होता. काकूंना काकण ठाऊक नव्हतं, आजोबांना पेज ठाऊक नव्हती, गड्यांना वाटायचं आपणच काय ते त्याला काही देतो. माझ्याकडे येणाऱ्या जाड कुत्र्यांतली बरीचशी अशा भरल्या घरांतली असतात. एकटा माणूस कुत्र्याला जास्त खायला घालतो तेव्हा त्याला निदान ते माहीत असतं.

आजोबा मात्र रागावले. माझ्यावर नाही, पातेल्यावर. "बाय, दारातल्या जिवाला उपाशी ठेवायची या घरात रीत नाही. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री काय उगाच असतात?" साखळी गावच्या दत्तमंदिरातून आणलेली तसबीर त्यांच्या डोक्यावरच होती. "आणि तो मागतो. डोळे बघ त्याचे. पोट भरलेला जीव असा बघतो?"

वडीलधाऱ्यांना अशा वेळी दटावणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. या माणसाचा दिवसातला सगळ्यात चांगला घास ब्रूनोबरोबर जातो, तो काढून घेण्याचा मला काय अधिकार? पण डोळ्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की दर चार लॅब्रॅडॉरांपैकी साधारण एकाच्या जनुकात एक छोटा तुकडा गळालेला असतो, आणि त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. ब्रूनो त्या चारांतला एक आहे की नाही, ते आम्ही तपासलं नाही. पण लॅब्रॅडॉरचे डोळे हे भुकेचं माप धरता येत नाही, एवढं नक्की.

आजोबांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही. मग मी त्यांना दुसरी गोष्ट सांगितली. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या. एका भावंडाला जेवढं, त्याच्या पाऊणपट दुसऱ्याला, आणि असं आयुष्यभर. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. कमी खाणारी कुत्री साधारण १३ वर्षं जगली, भरपूर खाणारी ११.२. सांधेही कमी खाणाऱ्यांचे उशिरा दुखायला लागले.

"म्हणजे दोन वर्षं?" आजोबांनी विचारलं.

"जवळजवळ."

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "काय करायचं सांग."

त्या घरासाठी मी जे ठरवलं ते साधं होतं. रोज सकाळी वहिनींनी दिवसभराचं सगळं खाणं काट्यावर तोलून एका स्टीलच्या डब्यात भरायचं. त्यासाठी वजन उतरवण्याचे दाणे घेतले. नेहमीचेच दाणे खूप कमी केले तर कॅलरीबरोबर प्रथिनं आणि क्षारही कमी पडतात. डबा आजोबांच्या ताब्यात. ब्रूनोला ज्याला कोणाला काही द्यायचं असेल त्याने आजोबांकडून डब्यातलं मागून घ्यायचं. दोनदा द्या, सहादा द्या, माझी हरकत नाही. डबा रिकामा झाला की दिवस संपला.

काकूंना शेजारणीने सांगितलं होतं की कुत्र्याला रात्री एकदाच पोटभर घालावं. त्याला मी ठाम नाही म्हटलं. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याने दिवसाचं सगळं एकदम बकाबका खाल्लं तर पोट फुगून त्याला पीळ बसण्याचा धोका वाढतो, आणि तो पीळ काही तासांत जीव घेतो. मोठ्या कुत्र्याला निदान दोन वेळा हवंच. पिल्लांना त्याहून जास्त: चार महिन्यांपर्यंत चारदा, सहापर्यंत तीनदा, मग दोनदा. पोटाला भर म्हणून उकडलेली फरसबी, दुधी, काकडीच्या फोडी हव्या तेवढ्या. कांदा-लसूण मुळीच नाही.

आणि आजोबांचं काकण? तेही राहिलं. रोज एक छोटा तुकडा, पण तो ठेवायचा तर त्याच्या कॅलरीएवढे दाणे डब्यातून सकाळीच बाहेर काढायचे. असे वरचे घास दिवसाच्या दहाव्या हिश्श्याच्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत. आजोबा शाळामास्तर होते. त्यांनी जुन्या वहीत रकाने आखले.

तांदूळ कुत्र्याला वाईट का, असं वहिनींनी त्या दिवशी विचारलं, आणि हा प्रश्न गोव्यात मला सतत येतो. वाईट नाही. माणसाजवळ राहून राहून कुत्र्यांना पिष्टमय पदार्थ लांडग्यापेक्षा पुष्कळ चांगले पचायला लागले आहेत. पण नुसत्या शितावर आणि माशांच्या डोक्यांवर कुत्रा वाढवला तर काय कमी पडतंय ते वर्षानुवर्षं दिसत नाही. घरचंच घालायचं असेल तर ते नीट आखून घालावं लागतं.

जून-जुलैत ट्रॉलरबंदी, मासळी महाग. पुढे श्रावण, शिवराक. ब्रूनोला दोन्ही मानवलं. आठवड्याला वजनाचा एखादा टक्का उतरला तरी मी खूश असते, जास्त घाई नको असते. जुलैअखेर काट्याने ३८.९ दाखवले. मग मात्र अडलं. चवथीचे दिवस आले नि गेले, सप्टेंबरच्या मध्यावर ३८.२. वहिनींनी शपथेवर सांगितलं की नेवऱ्या (करंज्या) त्याच्या वाऱ्यालाही लागू दिल्या नाहीत. वही पाहिली, रकाने चोख. मी पुन्हा गेले, या वेळी संध्याकाळी.

पोदेराचा भोंगा वाजला. ब्रूनो आता पळत गेट ओलांडून रस्त्यावर गेला, मे महिन्यात त्याला ते जमलं नसतं. पोदेराने करंडीतला मोडका पाव काढून त्याच्या तोंडात दिला. मी विचारलं तर म्हणाला, रोज देतो, सकाळी आणि संध्याकाळी. हल्ली तो बारीक झालाय म्हणून अख्खा देतो.

आजोबा आतून डबा घेऊन आले आणि पोदेराला समोर बसवून त्यांनी त्याला वही दाखवली, मे महिन्यापासूनची. दुसऱ्या दिवसापासून पोदेर आला की आजोबा आधी त्याच्या हातावर डब्यातले चार दाणे ठेवतात आणि पोदेर ते ब्रूनोला देतो. जानेवारीत वजन ३३.८ आलं. ३१ ला पोचलो की मी डब्यातले दाणे थोडे वाढवणार आहे, आजोबांनी त्यासाठी वहीत एक रकाना आतापासून मोकळा ठेवला आहे.