चातुर्मास अपडेट : पाच एकादश्या झाल्या, चार बाकी

मंडळी, बरेच दिवस लिहायचं राहून जात होतं. कांदेनवमीला पोटभर भजी खाऊन कांद्याला रामराम केला त्याला आता दोन महिने झाले, परवा परिवर्तिनी एकादशी झाली म्हणजे देवशयनीपासून धरली तर पाचवी, अजून इंदिरा, पाशांकुशा, रमा आणि प्रबोधिनी अशा चार राहिल्यात.

गेल्या वर्षी मी कांदा, लसूण आणि वांगं एवढं बंद केलं आणि आपलं सात्त्विक चाललंय म्हणून समाधानात होतो. यंदा सुरुवातीलाच गीतेचा सतरावा अध्याय अर्थासकट नीट वाचला. आहाराचं सगळं आठ ते दहा या तीन श्लोकांत आलंय, आणि त्यात कांदा-लसणाचं नावच नाही! सात्त्विक म्हणजे रसाळ, स्निग्ध, पोटाला आधार देणारं, मनाला बरं वाटणारं. राजस म्हणजे फार तिखट, फार आंबट, खारट, जळजळ करणारं. आणि तामसात पहिलाच शब्द आहे यातयाम. याम म्हणजे प्रहर, म्हणजे तीन तास, शिजवून तेवढा वेळ उलटला की ते अन्न त्या यादीत गेलं, आणि शिळं तर आहेच पुढे. हे वाचलं आणि उठून फ्रीज उघडला. कालची आमटी, परवाची मटकीची उसळ, भिजवलेली कणीक, आणि एका वाटीत कधीचा तरी भात. कांदा कशातच नव्हता.

त्यामुळे यंदाचा माझा खरा प्रयोग शिळं सोडण्याचा आहे, आणि सांगतो, कांदा सोडणं याच्यापुढे काहीच नाही. भाजीत दुधी किसून घातला, खोबरं आणि दाण्याचं कूट घातलं, हिंगाची फोडणी जरा सढळ हाताने दिली की कांद्याची आठवण पण येत नाही. गौरींच्या नैवेद्याचा सगळा स्वयंपाक बिनकांद्याचाच असतो की, आणि कोणीही तक्रार न करता दोनदा वाढून घेतं. पण फोडणीची पोळी! रात्रीच्या दोन पोळ्या मुद्दाम उरवायच्या, सकाळी कुस्करून हिंग-हळद-मिरचीची फोडणी, वर थोडी साखर. ती सोडताना खरंच जीव तुटला. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे मग पोळ्या मोजून कर ना, उरल्या तर प्रश्न!" आता जेवायला बसायच्या आधी प्रत्येकाला किती पोळ्या ते विचारून तेवढीच कणीक भिजवतो. पहिले पंधरा दिवस अंदाज चुकला, दोनदा तर हिला अर्धपोटी उठावं लागलं आणि मला फार वाईट वाटलं, आता बसलाय अंदाज.

डब्याचं मात्र अवघड होतं. सकाळी सातला केलेली भाजी दुपारी एकला खायची म्हणजे सरळ सहा तास, दोन प्रहर. बरेच दिवस डोकं लावून शेवटी मेतकुटावर येऊन थांबलो. आता आठवड्यातले तीन दिवस डब्यात कोरडे पातळ पोहे, वेगळ्या डबीत दही, काकडी आणि एका पुडीत मेतकूट मीठ असं नेतो आणि जेवायच्या वेळी तिथेच कालवतो, पोह्यांनी दही प्यायलं की पाचच मिनिटांत खायचे, नाहीतर लगदा होतो. मेतकूट घरचंच आहे, हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, थोडे गहू वेगवेगळे मंद भाजून त्यात सुंठ, मेथी, धणे, जिरं, हिंग, हळद. वरणभातावर वरून घ्यायला पण मस्त लागतं. बाकीचे दिवस पोळीभाजीच नेतो, त्यात ओढाताण करत नाही.

आता उपवास. देवशयनीला मी काय खाल्लं ते इथे लिहून ठेवतोच : सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, चारला वेफर्स, रात्री साबुदाणा वडे. एकादशी आणि दुप्पट खाशी, ती म्हण आमच्या घरात अक्षरशः खरी झाली. रात्री अकराला अशी अॅसिडिटी की झोप नाही. अख्ख्या आठवड्यातला सगळ्यात तळलेला, जड दिवस उपवासाचा, हे कुठेतरी चुकतंय हे त्या रात्री पक्कं डोक्यात बसलं. आणि गंमत बघा, साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो, बटाटा, मिरची, शेंगदाणा हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीज वगैरे आल्यानंतर आपल्याकडे पोचलेलं. म्हणून ते टाकून द्या असं मी म्हणत नाही (राजगिरा आणि रताळं पण तिकडचीच), पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, 100 ग्रॅमला प्रोटीन 1 ग्रॅमसुद्धा नाही, राजगिऱ्यात तेच 13 ग्रॅमच्या आसपास. फरक शरीराला कळतोच.

कामिकेपासून, म्हणजे देवशयनीनंतरच्या एकादशीपासून, एकभुक्त सुरू केलं. दुपारी एकदाच नीट जेवायचं, वऱ्याचे तांदूळ, आमसुलाचं सार, काकडीची कोशिंबीर, एखादं उकडलेलं रताळं तूप घालून. बाकी दिवसभर पाणी आणि एकदा ताक. वरई तीन पाण्यातून धुवून निथळतो, मग तुपात जिरं तडतडलं की त्यात परततो, दाणा सुटा झाला की वाटीला अडीच वाटी उकळतं पाणी. साराला आमसुलं अर्धा तास गरम पाण्यात, मग जिऱ्याची तुपातली फोडणी, गूळ, मीठ, मिरचीचा एकच तुकडा. कामिकेला दुपारनंतर डोकं दुखलं, पुत्रदेला थोडं, अजा आणि परवाची परिवर्तिनी अगदी हलकी गेली. द्वादशीचं पारणं मुगाच्या खिचडीने करतो, एकदम पक्वान्नांवर तुटून पडत नाही. आणि एक सांगतो, वरईचं पीठ सुटं आणू नका, पावसाळ्यात त्याला बुरशी लागते आणि दरवर्षी कुठे ना कुठे भगरीतून विषबाधेची बातमी येतेच. अख्खी वरई आणून धुवून वाळवून लागेल तेवढीच घरी दळा. ज्यांना डायबेटिस आहे किंवा गोळ्या चालू आहेत त्यांनी एकभुक्त डॉक्टरांना विचारूनच.

मसाल्यात यंदा गोडा मसाला स्वतः भाजला. पहिला घाणा कडू झाला, अख्खा पाव किलो, कारण दगडफूल. ते इतकं हलकं असतं की चमचाभर तेलात टाकल्यावर नुसतं हलतं आणि दुसऱ्या क्षणी काळं पडतं, मूळचंच काळसर असल्यामुळे जळलेलं दिसतही नाही, फक्त वास बदलतो. दुसऱ्या वेळी गॅस बंद करून उरलेल्या उष्णतेवर ते भाजलं आणि जमलं. धणे, जिरं, तमालपत्र, लवंग, दालचिनी, नागकेशर सगळं वेगवेगळं, तीळ आणि खोबरं शेवटी, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय मिक्सरला लावायचं नाही, नाहीतर खोबऱ्याला तेल सुटून गोळा होतो.

हळदीबद्दल पण थोडं. तिच्यात कर्क्युमिन साधारण 2 ते 5 टक्केच, ते पाण्यात नीट विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं, आणि मिरीतल्या पायपरिनने ते शरीरात जास्त शोषलं जातं. त्यामुळे गरम पाण्यात चमचाभर ढवळण्यापेक्षा फोडणीत हळद आणि वरून मिरपूड हेच मला पटतं. आणि उपवासाला हिंग का नाही ते मला उशिरा कळलं, बांधानी हिंगात डिंकाबरोबर गव्हाचं नाहीतर तांदळाचं पीठ असतं.

पुढची परीक्षा रमा एकादशी, ती ऐन दिवाळीच्या तोंडावर येते, घरभर चिवडा-चकलीचा वास आणि आपलं एकभुक्त. त्याआधी राजगिऱ्याची भाकरी जमवायचीय, माझी थापतानाच चिरते. गरम पाण्यात मळून बघितलं, उकडलेलं रताळं घालून बघितलं, रताळ्याने बरीच सावरली पण उलटताना कड तुटतेच. ज्यांची अखंड उतरते त्यांनी थापायला खाली नक्की काय घेता, केळीचं पान की ओलं फडकं, तेवढं सांगा, इंदिरेला करून बघतो.