एका ‘ल’पायी ४८ आकडे

माझं भांडण मुळात ‘ल’शी होतं. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम निवृत्त गणित शिक्षक म्हणून माझ्या गळ्यात पडलं (मराठीच्या बाईंनी शिताफीनं अंग काढून घेतलं). दिवसभर लॅपटॉपवर फाइलींची नावं वाचायची आणि प्रत्येक नावात तो हिंदी वळणाचा ल आणि शेंडीचा श बघायचा. शासनाच्या मराठी लिपीबद्दलच्या २००९ च्या निर्णयातसुद्धा मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श आहे, मग माझ्या पडद्यावर का नसावा?

वर्डमध्ये फाँट बदलता येतो, ते मी केलंच होतं. पण फाइलींची नावं, मेनू, हे सगळं विंडोज स्वतःच्या ‘निर्मला’ फाँटमधून दाखवतं. एका व्हिडिओत उपाय सापडला: आपल्या आवडीच्या फाँटच्या फाइलला ‘निर्मला’चं नाव द्यायचं आणि फाँट्स फोल्डरमधल्या मूळ फाइलवर ती चढवायची. विंडोज नाही म्हणालं. या फाइलींची मालकी व्हिस्टापासून ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ नावाच्या सेवेकडे असते, ॲडमिनिस्ट्रेटरलाही त्या फक्त वाचता येतात. व्हिडिओतल्या मुलाकडे त्यावरही तोड होती: ‘टेकओन’ या आज्ञेनं मालकी घ्या आणि ‘आयकॅक्ल्स’नं स्वतःला परवानगी द्या.

एवढा धीर मला आला कुठून, तेही सांगतो. २००२ साली एक ईमेल फिरत होता. टेडी बेअरचं चित्र असलेली जेडीबीजीएमजीआर नावाची फाइल म्हणजे व्हायरस, लगेच उडवा! शाळेच्या लॅबमधल्या सगळ्या मशीनवरून मी ती उडवली. ती विंडोजचीच साधी फाइल होती आणि ईमेल थापेबाजीचा, हे नंतर कळलं. पण तेव्हा काहीच बिघडलं नाही. तेच डोक्यात बसलं होतं.

यावेळी बिघडलं. आज्ञेतला फाइलचा पत्ता अर्धाच लिहिला गेला आणि मालकी घेतली गेली ती अख्ख्या विंडोज फोल्डरची. दुसऱ्या दिवशी स्टार्ट मेनू उघडेना. घाबरून मी उलटी आज्ञा दिली, ‘रिसेट’, तीही सगळ्या उपफोल्डरांसकट. काळ्या खिडकीतून अर्धा तास ओळी धावत होत्या आणि मी चहा पीत समाधानानं बघत होतो. तिथल्या प्रत्येक फाइलला, फोल्डरला कोण वाचणार, कोण बदलणार याच्या वेगवेगळ्या नोंदी असतात. रिसेटनं त्या पुसून सगळ्यांना वरच्या फोल्डरच्या नोंदी लावल्या. म्हणजे शाळेतल्या प्रत्येक खोलीचं वेगळं कुलूप काढून सगळीकडे गेटचंच कुलूप. लॅपटॉप बंद करून सुरू केला, तर ठिपके गोल गोल फिरत राहिले. दोन-तीनदा तसं झाल्यावर निळा पडदा आला आणि दुरुस्तीच्या पर्यायांत शिरताच त्यानं ४८ आकडी रिकव्हरी की मागितली.

आणि इथून पुढे घोडं नऊ दिवस पेंड खात राहिलं.

मी कधी कुलूप लावलंच नव्हतं, तर किल्ली कसली? पुण्यातल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, हल्लीच्या लॅपटॉपात मायक्रोसॉफ्ट खात्यानं पहिल्यांदा लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होते. की त्या खात्यात जाऊन बसते. तुमच्या खात्यात बघा.” मोबाइलवरून बघितलं. काही नाही. “मग पहिलं लॉगिन कोणी केलं होतं?”

डोळ्यांसमोर २०२२ ची दिवाळी आली. दुकानातला मुलगा म्हणाला होता, “सर, तुम्ही बसा, मी सगळं सेट करून देतो.”

दुकानात गेलो. “फॉरमॅट मारू या सर, तासाभरात होईल.” आत स्मरणिकेचे ११२ लेख आहेत आणि शेवटची नक्कल तीन आठवड्यांपूर्वीची आहे, हे सांगितलं. “डाटा जाणार मग.” दुसऱ्या खेपेला सेट करून देणारा मुलगा नोकरी सोडून गेल्याचं कळलं. तिसऱ्या खेपेला मालक म्हणाले, असं काही खातं नसतंच. चौथ्या खेपेला मालक लग्नाला गेले होते. पाचव्या खेपेला मी घरून डबा घेऊन गेलो आणि काउंटरसमोरच्या स्टुलावर बसून राहिलो. अकरा ते सव्वातीन. तुमच्यावर अशी वेळ आली तर शब्द नेमके वापरा. “पासवर्ड द्या” म्हटलं की दुकानदार बिचकतो. “तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातलं रिकव्हरी कीचं पान उघडा” असं म्हणा. निळ्या पडद्यावरचा की आयडी फोटो काढून न्या, त्याची पहिली आठ अक्षरं जुळवायची असतात. मी हे तिसऱ्या खेपेलाच केलं असतं तर डबा वाचला असता.

शेवटी मालकांनी वैतागून खातं उघडलं. आत तीसेक लॅपटॉपांची यादी. माझ्यासारखीच गिऱ्हाइकं, सगळ्यांच्या किल्ल्या एका दुकानाच्या खात्यात! आयडी जुळला. प्रिंटर बंद होता, म्हणून मालकांनी बिलाच्या पाठीमागे आकडे उतरवून दिले.

घरी येऊन टाकले. की चुकीची. पुन्हा टाकले. चुकीची. (आधी नम लॉक बघा, माझी पहिली फेरी त्यातच गेली.) रात्री साडेदहाला विद्यार्थ्याला फोन केला, तेव्हा तो सहज बोलून गेला, “सर, सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात ना, प्रत्येक गटाला ११ नं पूर्ण भाग जातो.”

हे ऐकून मी जवळजवळ ओरडलोच. ११ ची कसोटी! सदतीस वर्षं शिकवली. कागद घेऊन बसलो. सात गट बिनचूक निघाले. पाचवा होता ३५२१८१. विषम स्थानांची बेरीज १३, सम स्थानांची ७, फरक ६. शेवटचा आकडा ७ असता तर दोन्हीकडे १३, फरक शून्य. मालकांचा ७ हा १ सारखा दिसत होता. शेवटचा आकडा बदलला आणि कुलूप उघडलं.

बाकीचं एका संध्याकाळीत झालं. दुरुस्तीच्या पर्यायांतल्या कमांडच्या खिडकीतून नोटपॅड उघडून त्याच्या ‘ओपन’ चौकटीतून लेख पेनड्राइव्हवर उतरवले. या ठिकाणी तुमचा ‘सी’ ड्राइव्ह ‘डी’ म्हणून दिसू शकतो, दचकू नका. मग ‘माझ्या फाइली ठेवा’ हा पर्याय घेऊन विंडोज नव्यानं बसवलं. एसएफसी नावाची तपासणीची आज्ञा आधी चालवून पाहिली होती, पण ती खराब झालेल्या फाइली बदलते, माझ्या फाइली धडधाकट होत्या. मी घोळ घातला होता परवानग्यांचा.

विद्यार्थ्यानं माझं सांत्वन केलं ते असं: १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलनं जगातले सुमारे ८५ लाख संगणक पाडले, आपल्याकडे विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधली ती एक फाइल काढून टाकण्याचा होता, आणि तिथपर्यंत पोचायला कित्येकांना हेच ४८ आकडे शोधावे लागले. म्हणजे मोठमोठ्या कंपन्याही स्टुलावर बसल्या होत्या तर.

हे वाचताय तोवर लॅपटॉप चालू असेल तर सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बघून घ्या, आणि चालू असलं तर की तुमच्याच खात्यात आहे ना तेही. मी नव्यानं एन्क्रिप्ट केलं, नवी की डायरीत लिहिली, सातांना मधून रेघ मारून. फाइलींच्या नावांत ल अजून हिंदीच आहे.

आभार मानायला दुकानात गेलो, तेव्हा मालकांना विचारलं, त्या यादीतल्या बाकीच्या लोकांना कळवणार का?

“बंद पडला की येतील की सर,” म्हणाले.