सुदोर, लकतुश आणि तेरा नंबरचा पाना : माझा अनुभव

रोमानियाला वेल्डर म्हणून जायचं ठरलं तेव्हा एजंटाने मोबाइलवर एक यादी पाठवली होती. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रोमानियन, सगळं ए टू झेड. हातोडी, पक्कड, करवत, कानस, रंधा, थापी. वेल्डरला रंधा कशाला हवा, ते एजंटालाच ठाऊक. इकडे येऊ घातलेली आपली मुलं शब्दांबद्दल विचारतात, म्हणून कुठले शब्द खरोखर कामी आले ते लिहितो.

कागदपत्रांचं थोडक्यात : आधी मालक तिथल्या इमिग्रेशन खात्याकडून कामाची परवानगी काढतो, तिला ‘अविझ’ म्हणतात. ती हातात आली की आपण डी/एएम नावाच्या व्हिसासाठी अर्ज करायचा. पोलिसांचा दाखला, मेडिकल, आयटीआयच्या प्रमाणपत्राचं भाषांतर, हे सगळं आलंच. ते एजंट करून घेतो.

तुम्ही स्वतः नीट वाचायचं ते पदाचं नाव. माझ्याबरोबर सांगलीकडचा एक फिटर होता. त्याच्या इंग्रजी ऑफर लेटरवर पद लिहिलं होतं ‘लॉकस्मिथ’. घरचे हादरले, कुलपं दुरुस्त करायला इतक्या लांब? मूळ रोमानियन शब्द होता ‘लकतुश’. डिक्शनरीत त्याचा अर्थ कुलपं करणारा असाच सापडतो, पण कारखान्यात लकतुश म्हणजे आपला फिटर. ‘लकतुश मेकानिक’ म्हणजे मेकॅनिकल फिटर आणि ‘लकतुश नवाल’ म्हणजे जहाजाच्या सांगाड्यावर काम करणारा. जहाजातल्या पाइप फिटरला ‘तुबुलातोर’ म्हणतात, घरातल्या प्लंबरला ‘इन्स्तलातोर’, वेल्डरला ‘सुदोर’. सुतारांत तर दोन जाती : दारं-खिडक्या, फर्निचर करणारा ‘तिम्प्लार’ आणि छपराचं, शटरिंगचं काम करणारा ‘दुल्गेर’. नोकरीचा करार रोमानियन भाषेत लेखी असला पाहिजे असा तिथला कायदाच आहे. तेव्हा इंग्रजी प्रतीवर काहीही छापलेलं असो, रोमानियन प्रतीवर कुठला शब्द आहे ते बघून मगच सही करा.

मी गालात्सला आलो. डॅन्यूबच्या काठावरचं शहर, इथे १८९३ पासून जहाजबांधणीची गोदी आहे. मी एका ठेकेदाराकडे लागलो. पहिलं काम म्हणजे सुरक्षेचं प्रशिक्षण आणि त्याच्या कागदावर सही. २००६ च्या ३१९ क्रमांकाच्या कायद्यानुसार हे प्रशिक्षण प्रत्येक कामगाराला द्यावंच लागतं. खरी यादी इथे सुरू होते, आणि तिच्यात अवजारं नाहीतच. ‘अतेन्त्सिये’ म्हणजे सावध, ‘स्ताय’ म्हणजे थांब, ‘सुस’ वर, ‘जोस’ खाली, ‘फोक’ आग, ‘माकारा’ क्रेन, ‘स्केल’ म्हणजे परांची, स्कॅफोल्डिंग. डोक्यावरून क्रेनने लोखंडी प्लेट चाललेली असताना कुणी इंग्रजीत ओरडत नाही. पक्कड हवी असेल तर बोट दाखवून मागता येते. ‘जोस’ला बोट दाखवायला वेळ नसतो.

उच्चाराची धास्ती मात्र घेऊ नका, इथे मराठी माणसाला आयतंच फावतं. त्यांच्या a या अक्षरावर वाटी काढलेला जो स्वर आहे, तो जवळपास आपला अ. खाली शेपूट असलेला टी म्हणजे आपल्या चुलीतला च, आणि सी पुढे i किंवा e आला की चारमधला च. माझ्या खोलीतल्या इतर राज्यांतल्या पोरांना चुलीतला च काही केल्या जमेना.

नंतरची परीक्षा स्टोअरच्या खिडकीवर. स्टोअरला ‘मगाझिये’ म्हणतात. तिथे पान्याला ‘केये’ म्हणायचं, चावीलाही तेच. मागताना नंबर सांगावा लागतो आणि आकड्यांनी माझा घाम काढला. पुस्तकात तेरा म्हणजे ‘त्रेइस्प्रेझेचे’. प्रत्यक्षात सगळे म्हणतात ‘त्रेइश्पे’. सतरा ‘शाप्तेश्पे’, एकोणीस ‘नोउश्पे’. ग्राइंडरचं पुस्तकी नाव ‘पोलिझोर’, पण मागताना सगळे ‘फ्लेक्स’च मागतात. अर्थिंगच्या क्लॅम्पला ‘क्लेश्ते दे मास’, आणि जेवायला चला म्हणायचं असेल तर ‘ला मास’. दुपारी बाराच्या सुमाराला ‘मास’ ऐकू आलं तर केबल शोधू नका, डबा घ्या.

ट्रेड टेस्टला इंग्रजीही वेगळंच निघालं. जोड कुठल्या स्थितीत वेल्ड करायचा, त्याला आपल्याकडे आम्ही ३जी, ४जी, ६जी म्हणतो, ती अमेरिकन पद्धत. इथे आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकांची पद्धत चालते. फोरमनने, म्हणजे ‘माइस्त्रु’ने, प्लेट उभी लावली आणि म्हणाला, “पीएफ.” आपल्या माणसाला पीएफ म्हटलं की काय आठवतं ते सांगायला नको. पण पीएफ म्हणजे उभा जोड, खालून वर. डोक्यावरचा बट जोड, म्हणजे दोन प्लेटा कडेला कड लावून केलेला, पीई. प्रोसेससुद्धा नावाने नाही, नंबराने : साधा रॉड १११, मॅग (गॅसच्या आवरणात वायरने वेल्डिंग) १३५, फ्लक्स कोअर वायर (आत पावडर भरलेली वायर) १३६, टिग (टंगस्टनच्या टोकाने वेल्डिंग) १४१. हे आकडे घरीच पाठ करून या. एजंटाच्या यादीत त्यातला एकही नव्हता.

हिवाळ्यात अजून एक शब्द शिकाल, ‘क्रिवत्स’. ईशान्येकडून येणारा बोचरा वारा. मॅग वेल्डिंगचा गॅस तो उडवून नेतो आणि वेल्डमध्ये बारीक छिद्रं पडतात. त्यांना ‘पोर’, अनेकवचनी ‘पोरी’. इन्स्पेक्टर खडूने गोल करून “पोरी” म्हणाला की तेवढं ग्राइंड करून पुन्हा भरायचं. म्हणून वाऱ्याच्या दिवशी आधी ‘प्रेलात’ मागा, म्हणजे ताडपत्री, आणि ती बांधल्याशिवाय आर्क मारू नका.

टेस्ट पास झाल्यावर आयएसओ ९६०६-१ चं, म्हणजे वेल्डरच्या परीक्षेच्या मानकाचं सर्टिफिकेट मिळतं. त्यावर दर सहा महिन्यांनी कंपनीच्या जबाबदार माणसाची सही लागते, की तुम्ही त्या प्रोसेसवर काम करत आहात. ती स्वतः मागून घ्या. तारीख उलटली की पुन्हा प्लेट उभी करावी लागते.