वेताळाच्या पालखीतला मशालजी आणि शेवटच्या पानावरची एक ओळ

शनिवारी रात्री आम्ही पाचजण डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ) खेळतो, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी असतो. सह्याद्रीतल्या एका पडक्या गढीवरचं मी लिहिलेलं अ‍ॅडव्हेंचर, म्हणजे खेळायची गोष्ट, सगळ्यांना इतकं आवडलं की म्हटलं नीट पीडीएफ करून विकायला ठेवू. ३२ पानं २०२२ च्या दिवाळीत लिहून झाली. लायसन्सचं काय, तर २००० सालापासून सगळे वापरतात ते ओजीएल (ओपन गेम लायसन्स, खेळाचे नियम इतरांना वापरू देणारी कंपनीची परवानगी) शेवटी जोडायचं की झालं, असं मी धरूनच चाललो होतो.

जानेवारी २०२३ मध्ये नव्या ओजीएलचा मसुदा फुटला. त्यात जुनं लायसन्स यापुढे अधिकृत नाही असं लिहिलेलं, वर जास्त कमावणाऱ्यांना वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या पुढच्या रकमेवर २५ टक्के रॉयल्टी. माझी कमाई तिथे कुठे पोचणार, पण ज्याच्या भरवशावर लिहिलं तेच जाणार म्हटल्यावर मी काम बंद केलं. जगभरच्या खेळणाऱ्यांनी आवाज उठवला आणि २७ जानेवारीला एसआरडी ५.१, म्हणजे खेळाचे मूळ नियम दिलेला कंपनीचा दस्तऐवज, अख्खं क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्सखाली आलं, त्यातलं सीसी बाय ४.०. म्हणजे श्रेय द्या, बदल केले असतील तर सांगा, आणि खुशाल विका. अटी पाळल्या तर ही परवानगी नंतर काढून घेता येत नाही, माझ्यासाठी हेच सगळ्यात मोठं होतं.

खरं काम त्यानंतर. अ‍ॅडव्हेंचर मी लिहिलं होतं ते प्लेअर्स हँडबुक, म्हणजे खेळाचं नियमांचं पुस्तक, समोर ठेवून, आणि एसआरडीत त्यातलं सगळं नाही. मग दोन रविवार एकेक पान ताडून बघितलं. 'लिओमंड्स टायनी हट' हा मंत्र तिथे नुसतं 'टायनी हट' आहे, फीट, म्हणजे पात्राचं खास कसब, तर एकच, ग्रॅपलर, त्यामुळे किल्लेदाराला दिलेली सेंटिनेल ही फीट काढावी लागली. डिस्प्लेसर बीस्ट हा राक्षसी प्राणी पण गेला. त्याच्या जागी मी वेताळाच्या पालखीतला मशालजी आणला, आजीकडून ऐकलेला. एसआरडीतला वाइट, म्हणजे एक जिवंत प्रेत, घेतला, एसी (बचाव) १४, एचपी (जीव) ४५, हातात तलवारीऐवजी मशाल. उन्हात वाइटचे वार जास्त चुकतात हे मूळचंच आहे, आणि पालखी उजाडायच्या आत परत जाते या गोष्टीला ते इतकं चपखल बसलं की आधीच्यापेक्षा हाच सीन जास्त आवडतो मला.

कव्हरवरचा लोगो काढला, कारण सीसीमध्ये ट्रेडमार्क येत नाही, 'फाइव्ह ई कम्पॅटिबल' (पाचव्या आवृत्तीशी जुळणारं) एवढं लिहायला चालतं. श्रेयाचं वाक्य एसआरडीच्या सुरुवातीलाच तयार दिलेलं असतं, ते जसंच्या तसं शेवटच्या पानावर टाकलं. चित्रं मैत्रिणीची आहेत, त्यांचे हक्क तिचेच राहतील हे मेलवर लिहून ठेवलं.

गोष्ट माझ्याकडेच ठेवलीय, पण मशालजीचा स्टॅट ब्लॉक, म्हणजे खेळातल्या आकड्यांचा तक्ता, मी पण सीसी बायखाली दिलाय. तुमच्या गावच्या अमावस्येत त्याला न्यायचं असेल तर न्या, फक्त एसआरडीच्या त्या वाक्याखाली माझ्या नावाची एक ओळ टाका.