दाभोळची शाही मशीद: सकाळच्या उन्हात बघा
दाभोळच्या धक्क्यावर आजवर किती वेळा आलो असेन, पण डोळे कायम खाडीपलीकडच्या धोपाव्याहून येणाऱ्या फेरीबोटीकडे. बोट चुकू नये या घाईत माडांमधून दिसणारा घुमट दरवेळी राहून जायचा. या डिसेंबरात मात्र फक्त मशिदीसाठी गेलो.

पहिल्या दिवशी पोचायला चार वाजले, आणि तिथेच चुकलं. आपल्याकडे नमाज पश्चिमेकडे तोंड करून होते, त्यामुळे मशिदीची दर्शनी बाजू पूर्वेला असते. दुपारनंतर ती पूर्ण सावलीत जाते. मुक्काम दापोलीला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी आठ वाजता पुन्हा हजर झालो. तेव्हा कोवळं ऊन कमानींतून थेट आत शिरलं होतं आणि आदल्या दिवशी नुसता काळा वाटलेला दगड निळसर दिसत होता.

कोकणात जुनी भिंत म्हणजे जांभा, हे आपल्या डोळ्यांना सवयीचं. इथे घडीव काळा पाषाण आहे. हात लावला तर ऊन अंगावर घेऊनही गार. सांध्यात बोटभर नेचा उगवलेला. उंच जोत्यावरची ही वास्तू आतून सुमारे ६३ फूट बाय ५४ फूट, आणि घुमट-मिनार धरून उंची ७५ फुटांच्या आसपास. चार कोपऱ्यांवर चार मिनार, मध्ये घुमट. विजापूरच्या इमारतींत घुमट पाकळ्यांतून उमलल्यासारखा दिसतो, ते डोक्यात ठेवून इथे वर बघा. घाटाखाली, खाडीकाठी अशी विजापुरी वास्तू दुसरी मला तरी माहीत नाही.

ती इथे का, हे बंदरामुळे कळतं. वाशिष्ठीच्या मुखावरच्या या बंदरातून माल खाडीने गोवळकोटला, तिथून कुंभार्ली घाटाने देशावर जाई. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज गव्हर्नर आल्मेडाने दाभोळ जाळलं, तरी शहर पुन्हा उभं राहिलं. परंपरा सांगते की विजापूरची शहजादी आयेशाबीबी हजला निघून १६५९ मध्ये इथवर आली. समुद्र सुरक्षित नव्हता, म्हणून यात्रेचा पैसा तिने मशिदीला लावला. पंधरा लाख रुपये, चार वर्षं काम, घुमटाला सोन्याचा मुलामा. काही जण बांधणी शंभर वर्षं आधीची, १५५९ ची मानतात. मला शहजादीची गोष्ट जवळची वाटते. मक्केला पोचता आलं नाही, म्हणून वाट अडली तिथे, इथेच, तिने नमाजाची जागा उभी केली. गावात 'अंडा मशीद' म्हणूनही विचारा, कुणीही सांगेल.

जाणाऱ्यांसाठी: रेल्वेने खेडला उतरा, तिथून दापोली, मग दाभोळ. दापोलीहून एसटी आहे, पण परतीची वेळ उतरतानाच विचारून घ्या. शुक्रवारची दुपार टाळा. आत जायचं तर तिथल्या माणसाला विचारून, चपला बाहेर काढून, डोकं झाकून. आम्हाला एका वयस्क चाचांनी नमाज आटोपेपर्यंत थांबायला सांगितलं, मग स्वतः बरोबर येऊन मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, दाखवला. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, मुलांचा हात सोडू नका.

वेळ असेल तर चंडिकादेवीचं गुहेतलं मंदिरही करा. आत समईचाच उजेड, वाकूनच जावं लागतं. गुहागरकडे जायचं असेल तर गाडीसकट फेरीबोट मिळते. बोटीत चढल्यावर मागच्या बाजूला उभे राहा, बोट खाडीत जाईल तसा माडांच्या वर घुमट दिसायला लागतो.