कॅशियरच्या पिंजऱ्याची कडी

"बत्तीस वर्षे बँकेत काढलीत, आता सुट्टीतही बँकेतच झोपायचे आहे का?" हा प्रश्न माझ्या पत्नीने पनवेल ओलांडण्यापूर्वीच विचारला होता आणि माझ्याकडे त्याचे बरे उत्तर नव्हते. राजापूरच्या बाजारपेठेत बँकेची एक जुनी इमारत कोणीतरी दुरुस्त करून तिच्या माडीवर राहण्याच्या दोन खोल्या केल्या आहेत, असे भाच्याकडून कळले होते आणि मी तिला न विचारताच दोन रात्रींचे पैसे भरून मोकळा झालो होतो. महामार्गाबद्दल मी काहीही लिहिणार नाही. कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने त्यावर एकदा लिहून झालेले आहे आणि रस्ता काही वाचत नाही.

राजापूर हे आज महामार्गावरून एका दृष्टिक्षेपात मागे टाकायचे तालुक्याचे गाव वाटते, परंतु एके काळी खाडीतून गलबते येत आणि अणस्कुरा घाटाने उतरलेला देशावरचा माल येथून पुढे जात असे. इंग्रजांची वखार येथे होती, पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली आणि त्याचा हिशेब शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये ही वखार लुटून व इंग्रज व्यापाऱ्यांना कैद करून चुकता केला, हे शाळेत वाचलेले असते. अशा गावात बँकेच्या आधी पेढी असणारच. आम्ही उतरलो ती इमारतही मुळात एका अडत्याची पेढी होती, पुढे ती बँकेने भाड्याने घेतली, आणि बाजारपेठेत वारंवार शिरणाऱ्या पाण्याला कंटाळून बँक वरच्या अंगाला नव्या इमारतीत गेली तेव्हा ती कुलूपबंद झाली. अर्जुना आणि कोदवली या नद्यांचे पाणी पावसाळ्यात जवाहर चौकात येते ही राजापूरकरांना बातमीच वाटत नाही. दुकानदार खालच्या फळ्यांवरचा माल वर चढवतात, पाणी ओसरले की चिखल काढतात आणि पुन्हा दुकान मांडतात.

अडत्याच्या पणतूने, म्हणजे आमच्या यजमानांनी, ही इमारत पाडून तीन मजली व्यापारी संकुल बांधावे असा सल्ला घरातल्या सगळ्यांनी दिला होता. ते पुण्यातली नोकरी सोडून आलेले चाळिशीचे गृहस्थ आहेत, मला पहिल्या मिनिटापासून 'काका' म्हणू लागले आणि चहा पुढे करण्यापूर्वी त्यांनी मला भिंत दाखवली. वास्तविक सहा तासांच्या प्रवासानंतर माणसाला आधी पाणी आणि मोरी दाखवावी, परंतु त्या भिंतीचे त्यांना इतके कौतुक होते की मी मुकाट्याने पाहत राहिलो.

भिंत जांभ्या चिऱ्याची, जवळजवळ दोन फूट जाड. बँकेच्या काळात केव्हातरी तिला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून वर तैलरंग दिला होता, कारण तो धुता येतो आणि सरकारी तपासणीला स्वच्छ दिसतो. चिरा पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडून देतो. सिमेंटने त्याचे तोंड बंद केले की पिऊन घेतलेले पाणी आतच चढत राहते, त्यातले क्षार गिलाव्याच्या मागे साचतात आणि मग पुरीसारखा फुगलेला गिलावा एके दिवशी पत्र्याएवढ्या पोपड्याने खाली येतो. सगळे सिमेंट छिन्नीने उतरवण्यात त्यांचे चार महिने गेले, त्यानंतर भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवली आणि मगच चुन्याचा गिलावा केला.

तो गिलावा करणारे मिस्त्री त्या दिवशी मागच्या पडवीचे शेवटचे काम करीत होते. सत्तरी ओलांडलेला, कमरेला टॉवेल गुंडाळलेला हा माणूस हौदात मुरत ठेवलेल्या चुन्यावरचे पाणी बोटाने बाजूला सारून खालचा लोण्यासारखा गोळा मला दाखवत होता. त्यांच्या वडिलांच्या वेळी शिंपल्या भाजून चुना करीत आणि बैलाच्या घाण्यावर तो वाळूबरोबर मळत. आता कळीचा चुना गोणीतून येतो आणि घाण्याच्या जागी यंत्र आहे, मात्र गुळाचे पाणी आणि हिरडा अजूनही लागतो. "सिमेंट एका रात्रीत घट्ट होतं साहेब, चुन्याला वर्ष लागतं. तो हवा खाऊन घट्ट होतो," असे ते म्हणाले, आणि हे अगदी शब्दशः खरे आहे, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड होत जातो. गेल्या पावसाळ्यात नव्या गिलाव्याला पहिल्यांदा पाणी लागले. ओसरल्यावर आठवडाभर भिंत काळी दिसत होती आणि नंतर आपोआप पांढरी झाली. पाणी चढल्याच्या जुन्या खुणा त्यांनी एका कोपऱ्यात मुद्दाम पुसलेल्या नाहीत. त्यांतली सर्वांत वरची माझ्या छातीपर्यंत येते.

पुराच्या त्या रेघेनेच खरे तर या इमारतीचा पुढचा उपयोग ठरवला आहे आणि मला ही गोष्ट फार पटली. विजेची सगळी बटणे रेघेच्या वर आहेत, त्यामुळे माझ्या पत्नीला दिवा लावताना टाचा उंचवाव्या लागत होत्या. तळमजल्यावरच्या वाचनाच्या जागेत फरशी, चिऱ्याचे कट्टे आणि उचलता येतील अशा लोखंडी खुर्च्या एवढेच आहे. पुस्तकांची कपाटे माडीवर आहेत. दिवसभर लागणारी वर्तमानपत्रे आणि पुस्तके खाली पेट्यांमध्ये असतात. माडीच्या तक्तपोशीत एक चौकोनी झडप आहे आणि तिच्यावर कप्पी लटकते. पेढीच्या काळात तांदळाची आणि सुपारीची पोती या झडपेतून वर ओढून घेत. बँकेने ती खिळे ठोकून बंद केली होती, आता ती पुन्हा उघडली असून नदीचे पाणी वाढल्याची हाकाटी झाली की पेट्या दोराने वर जातात. दीडशे पुस्तके वर न्यायला वीस मिनिटे लागतात, असे यजमान अभिमानाने सांगत होते.

मी कोलकात्याला एका लग्नानिमित्त गेलो असताना तेथील जुनी करन्सी बिल्डिंग पाहिली होती. ती 1833 मध्ये आग्रा बँकेसाठी बांधलेली. मधल्या काळात ती पाडायलाच घेतली होती, घुमट गेलेही, आणि पुढे पुरातत्त्व खात्याने ती सावरून 2020 पासून तेथे प्रदर्शने भरू लागली. भव्यच आहे ती, परंतु तिथे मी पाहुणा होतो आणि पाहुण्यासारखाच फिरलो. राजापुरात तसे झाले नाही, कारण तळमजल्याच्या मधोमध काउंटर उभे होते.

सागवानी, सुमारे बारा फूट लांब, पुढच्या बाजूला उभ्या फळ्यांची चौकट, वर पितळी गज, आणि उजव्या टोकाला कॅशियरचा पिंजरा. बँकेने जाताना ते नेले नाही, कारण ते दारातून बाहेर निघत नव्हते. सुताराने रंगाचे तीन थर खरवडून काढून त्याला जवसाचे तेल पाजले आहे. पिंजऱ्याच्या खिडकीखाली लाकडात एक उथळ खळगा पडलेला आहे, तळहात टेकवला तर बरोबर बसेल असा. यजमानांना वाटत होते की तो पुराच्या पाण्याने पडला असावा. मी त्यांना सांगितले की तो चिल्लरीने पडला आहे. नाणी मोजताना कॅशियर त्यांची चळत करून ती बोटांनी पुढे सरकवतो, दिवसातून दोनशे वेळा, एकाच जागी. मुंबईच्या गिरणीतून आलेले पैसे काढायला आलेल्या म्हाताऱ्या आया त्या नोटांची मोड मागत, आणि मोड म्हणजे नाणी. 1982 च्या संपानंतर त्या ओळी कशा पातळ झाल्या, हे मी दुसऱ्या गावातल्या अशाच खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिले आहे.

मी त्या खळग्यात हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो आणि मग खुर्ची ओढून बसलो, कारण मला जे आठवले ते उभ्याने आठवण्यासारखे नव्हते. 1996 च्या सुमारास मी घाटावरच्या एका तालुक्याच्या शाखेत व्यवस्थापक होतो. संगणक येणार होते, वायरी टाकायच्या होत्या, आणि वरिष्ठ कार्यालयाकडून शाखेच्या नूतनीकरणाचे पत्र आले. आमचे काउंटर याच्यापेक्षा दोन फुटांनी लांब होते. आमचे दफ्तरी, म्हणजे शाखेची कागदपत्रे सांभाळणारे कर्मचारी, दर शनिवारी गर्दी ओसरली की त्याला तेलाचा बोळा फिरवीत. ते काम त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. भंगारवाला आला तेव्हा ते माझ्या केबिनच्या दारात येऊन म्हणाले, "साहेब, एक फळी तरी ठेवून घ्या." मी म्हणालो की नियमात बसत नाही. नियम असा काही नव्हताच. मला फक्त तो विषय संपवायचा होता. काउंटरचे अठराशे रुपये आले, ते मी 'जुने फर्निचर विक्री' म्हणून जमा केले आणि व्हाउचरवर सही केली. त्या जागी आलेल्या सनमायकाच्या कडा चार वर्षांत उचकटल्या. वायरी त्या सागवानाच्या पोटातूनही सहज गेल्या असत्या. राजापुरात त्या तशाच नेल्या आहेत, मी वाकून पाहिले.

यजमानांना मी हे सगळे सांगितले नाही. त्यांनी आपल्या हाताने जी वस्तू जपली तशीच मी सहीने विकली, असे पाहुण्याने पहिल्याच संध्याकाळी कसे सांगावे?

स्ट्राँगरूम मागे आहे. तिचे पोलादी दार हलवणे अशक्य असल्यामुळे ते तिथेच आहे, मात्र कोणी आत अडकू नये म्हणून बिजागरीजवळ लोखंडाचा तुकडा जोडून ते कायमचे उघडे ठेवले आहे. छताला लोखंडी रुळांवर विटांच्या छोट्या कमानी, खिडकी नाही, मोबाइलला रेंज नाही. सकाळी नऊ ते सहा तेथे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी गावातली मुले बसतात आणि जागा मिळावी म्हणून साडेआठलाच येऊन पायरीवर थांबतात. मी दारातून आत पाऊल टाकताना माझा हात सवयीने खिशात किल्लीकडे गेला. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात आणि एकट्याने ती कधीच उघडता येत नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत मी एकट्याने स्ट्राँगरूममध्ये गेल्याचे मला आठवत नाही. आतल्या एका मुलीने मान वर करून "सर, बसायचंय का?" असे विचारून वही आवरायला सुरुवात केली. मी नको म्हटले.

तक्रारी आहेत. दर्शनी भागातल्या चहाच्या दुकानात सकाळपासून संथ परदेशी संगीत लावून ठेवतात, ते कोणासाठी हे मला समजले नाही. कॉफी एकशे चाळीस रुपये, आणि कुळथाची पिठी मागितली तर मिळते, मात्र ती यादीत नाही. यादी इंग्रजीत आहे. बाजारातले लोक पायरीपर्यंत येतात, आत डोकावतात आणि परत फिरतात. दुसऱ्या दिवशी धोतर नेसलेले एक आजोबा मात्र आत आले. त्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, पूर्वी खेड्यातली माणसे बँकेत येताना काढीत तशाच, आणि काउंटरपाशी जाऊन उभे राहिले. तिथल्या मुलाने "आजोबा, चपला घालून आलात तरी चालेल" असे म्हटले. आजोबांनी ते ऐकले नसावे किंवा ऐकून सोडून दिले असावे. वर्तमानपत्र मागून घेऊन ते कट्ट्यावर बसले आणि ते संपेपर्यंत अनवाणीच होते.

मधल्या दिवशी आम्ही आडिवऱ्याची महाकाली, कशेळीचा कनकादित्य आणि नाटे गावचा यशवंतगड पाहिला. पत्नीच्या मते खरी सहल तीच झाली.

निघायच्या सकाळी सुतार पिंजऱ्याचे दार बसवत होता. मूळ दार सापडले नव्हते, म्हणून त्याने चौकटीच्या मापाने नवे केले होते आणि त्याला बाहेरून छान पितळी कडी लावली होती. मी हे पाहून थांबलो. कॅशियरच्या पिंजऱ्याला कडी आतूनच असते. रोख उघडी असताना बाहेरून कोणाला दार उघडता येऊ नये आणि कॅशियरने ते फक्त आपल्या मर्जीने उघडावे, यासाठीच तो पिंजरा असतो. बाहेरून कडी घातली तर आतला माणूस कोंडला जातो. मी सुताराला हे सांगितले, त्याने यजमानांकडे पाहिले, आणि यजमान म्हणाले, "काका, मग कुठं हवी ते दाखवा ना."

चौकटीच्या आतल्या बाजूला रंग खरवडताना बुजवलेली चार भोके होती. त्यांवरचे लुकण भरलेले ठिपके बोटाला लागत होते. बसल्या जागेवरून उजव्या हाताला, खांद्याच्या किंचित खाली, जिथे माझाही हात जात असे, तिथेच ती होती. सुताराने टोच्याने एक भोक मोकळे केले आणि कडी उलटी करून लावून पाहिली. भोके जुळली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. "अहो, दिवसाचा हिशेब जुळल्याशिवाय निघायचं नाही का?" पत्नी विचारत होती. मी अजून तीन स्क्रू व्हायचे आहेत, असे सांगितले.