तेवढा एच-इंडेक्स काढून द्या हो

मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं देणं-घेणं आता नावालाच उरलंय. प्रमोशनचे इंटरव्ह्यू लागले की एकेक सर-मॅडम येतात, 'तेवढा माझा एच-इंडेक्स काढून द्या हो'. काढून देतो, पण आकडा बघितल्यावर काही जणांचा चेहरा असा पडतो जसा काय शुगरचा रिपोर्टच हातात दिलाय, म्हणून म्हणलं एकदा लिहूनच टाकावं.

हा एच-इंडेक्स, म्हणजे संशोधकाचं वजन मोजायचा आकडा, २००५ साली होर्हे हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने काढला, डॉक्टर लोक त्याच्या डोक्यात नव्हतेच. हिशोब सोपाय. तुमच्या १२ पेपरना प्रत्येकी निदान १२ सायटेशन असले, म्हणजे तितक्या लोकांनी आपल्या पेपरात तुमचा हवाला दिला, तर एच १२. आता एखाद्याने आयुष्यात तीनच पेपर लिहिले आणि तिन्हीला हजार हजार सायटेशन पडले तरी त्याचा एच तीनच, पुढं सरकतच नाही. त्यात गूगल स्कॉलर थीसिस, पीडीएफ, सापडेल ते मोजतं म्हणून तिथं आकडा फुगतो, स्कोपसवर (निवडक जर्नलांचा डेटाबेस) तोच माणूस बारीक होतो. इम्पॅक्ट फॅक्टरचं तर बोलायलाच नको, जर्नलच्या पेपरना सरासरी किती सायटेशन पडतात त्याचा तो आकडा, तो जर्नलचा असतो, तुमचा नाही, तरी लोक बायोडेटात बेरीज करून लिहायलेत!

आपल्याकडं खरी डोकेदुखी नावांची. पबमेडवर, म्हणजे मेडिकल पेपर शोधायच्या साइटवर, 'शिंदे एस' नाहीतर 'पाटील ए' टाकून बघा, अख्ख्या महाराष्ट्राची जत्रा येते, त्यातून आपल्या सरांचे पेपर निवडत बसा. मॅडम लोकांचं लग्नाआधीचं आडनाव एक, नंतरचं दुसरं, मधलं नाव कधी वडिलांचं कधी नवऱ्याचं, म्हणजे एकाच बाईच्या दोन प्रोफाइल आणि दोन्ही अर्धवट. भरीस भर २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, त्यामुळं जुने पेपर एका गावाचे, नवे दुसऱ्या गावाचे. यावर ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची कायमची ओळख) १६ आकडी नंबर हा साधा उपाय आहे, २०१२ पासून फुकट मिळतो, आडनाव बदलो नाहीतर गाव, नंबर तोच. पण काढा म्हणलं की 'बघू पुढच्या वेळी'.

कुणाला बसून ऐकायला वेळ असला तर मी एक पेपर उघडून दाखवतो, आपल्याच धाराशिव जिल्ह्याचा. एप्रिल २००९, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन. १९९९ मध्ये काम सुरू झालं, गर्भाशयमुखाचा कॅन्सर वेळेत सापडावा म्हणून गावांचे ५२ पुंजके करून ते चार गटांत वाटले, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया. कुणाची एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची), कुणाची पॅप (पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची), कुणाची ॲसिटिक ॲसिड लावून तपासणी, चौथ्या गटाला नेहमीसारखंच. आठ वर्षांनी हिशोब केला तर एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू चौथ्या गटाच्या जवळपास निम्मे. पहिलं नाव शंकरनारायणन यांचं, फ्रान्समधल्या ल्यों इथल्या आयएआरसीचे (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था), पुढं बार्शीचे नेने, टाटा मेमोरियलचे शास्त्री.

आता ही नावं व्हॉसव्ह्यूअरमध्ये टाका (नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, स्कोपसची फाइल दिली की कोण कुणासोबत लिहितं त्याचा नकाशा काढतं), गोळे येतात, रेषा येतात, रेषा जाड तितकं सोबत लिखाण जास्त. पण ती रेषा कशी तयार झाली हे नकाशात येत नाही. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री आहे, देशातली पहिली ग्रामीण, धाराशिवचे परंडा आणि भूम तालुके तिच्यात. कुठल्या गावात कुणाला कॅन्सर झाला हे गावोगाव फिरून नोंदवायची सवय आधीपासून होती म्हणून ल्योंवाल्यांना हा भाग सापडला, आणि गावात स्वॅब घेणाऱ्या, घरोघर समजावणाऱ्या बायांचं कसलं आलंय एच-इंडेक्स.

अजून एक गंमत. चौथ्या गटाची तपासणी का नाही केली यावरून या अभ्यासावर पुढं सडकून टीका झाली. टीका करणाऱ्यालाही मूळ पेपरचा हवाला द्यावाच लागतो, मशीनला कौतुक आणि भांडण यातला फरक कळत नाही, भांडणाचं सायटेशन बी सायटेशनच.

उलट बाजूला आपले काही महाभाग. कुठल्या देशात कुठल्या आजाराचं किती ओझं, त्या जागतिक आजारभाराच्या लॅन्सेट जर्नलमधल्या पेपरांत शेकडो लेखक असतात, तिथं एक नाव लागलं की एच उड्या मारतो. ते निदान खरं काम तरी आहे, इथं तर विभागप्रमुख आहेत म्हणून नाव टाक, शेजारच्या केबिनचे आहेत म्हणून टाक. लेखक कुणाला म्हणायचं याच्या आयसीएमजेईच्या (मेडिकल जर्नलांच्या संपादकांची समिती) चार अटी आहेत, कामात ठोस वाटा, लिखाणात हात, शेवटच्या मसुद्याला मंजुरी आणि चुकलं तर जबाबदारी. चौथी वाचली की बरेच जण विषय बदलतात.

मी आता एक पान जास्तीचं जोडून देतो. निवडक तीन पेपर, प्रत्येकात स्वतः काय केलं, सोबत कोण आणि किती वर्षांपासून. परवा एक सर ते पान उलटंपालटं करून म्हणाले, 'कमिटी वाचंल का हे?' म्हणलं सर, एच-इंडेक्स वरच्या कोपऱ्यात ठळक टाकलाय, तो नक्की वाचतील.